आर्वीच्या रस्त्यांसाठी विजेच्या गाडीचे टायर

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. शाळा सुटून मी परत निघाले होते. दुपारभर पाऊस पडून गेला होता आणि पांदणीतून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळ्या मातीचा गारा पार डांबरावर आणून टाकला होता. नाल्याच्या अलीकडे समोरून बैलबंडी आली. तिला वाट द्यायला मी थांबले, बंडी गेली, मी पाय हलकेच दाबला आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरली. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकायला लागलं. गाडी पुढे जायच्या ऐवजी डावीकडे, नाल्याकडे सरकली. हातभरच सरकली असेल. पाय काढला तशी थांबली. खाली उतरले, छत्रीच्या टोकाने चाकावरचा चिखल खरवडला आणि बोट फिरवून पाहिलं. नक्षी म्हणावी अशी उरलीच नव्हती.

मी आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेचं गाव घरापासून चोवीस किलोमीटर. पुलगाव–आर्वी शकुंतला रेल्वे बंद पडून कितीतरी वर्षं झाली, एसटी शाळेच्या वेळेला जुळत नाही, म्हणून २०२२ मध्ये कर्ज काढून विजेवर चालणारी गाडी घेतली. रात्री घरी १५ अँपियरच्या प्लगला लावायची, सकाळी निघायचं. तीन वर्षांत गाडीने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही, म्हणून टायरकडे माझं लक्षच गेलं नाही. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, सर्व्हिसिंग नावापुरती. काही पाहायचं असतं हेच विसरायला होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या पंक्चरवाल्या भाऊकडे गाडी नेली. त्याने वाकून चाकाच्या खाचेत नख घातलं. "मॅडम, हे आडवं बटन दिसते ना खाचीतलं? टायर त्याच्या बरोबरीनं आला. आता पावसात चालवू नका, सांगून ठेवतो." खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा असतो, तेच त्याचं 'बटन'. तो १.६ मिलिमीटर उंच असतो. नक्षी झिजत झिजत त्याच्या पातळीला आली की टायर संपला. कायद्यानेही कारला तेवढीच किमान खोली लागते. नव्या टायरची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. माझे पुढचे दोन टायर १.८ वर होते, मागचे ४.२ वर. गाडी चालली होती ४३ हजार किलोमीटर.

माझ्या भावाच्या पेट्रोल गाडीचे टायर पन्नास हजारांच्या पुढे गेले होते, म्हणून आधी वाटलं माझे टायरच हलके निघाले. तसं नव्हतं. विजेच्या गाडीच्या पोटात बॅटरीचंच वजन दोन-अडीचशे किलो असतं. मोटरचा जोर पाय दाबल्या क्षणी पूर्ण येतो, इंजिनासारखा हळूहळू चढत नाही. आणि पाय काढला की तीच मोटर वीज परत बनवायला लागते, म्हणजे चाकाला मागे ओढते. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. ओढायचं पुढच्या चाकांनी, थांबवायचं पुढच्या चाकांनी, वळायचंही पुढच्याच चाकांनी. मागची दोन नुसती सोबत चालतात. दर आठ-दहा हजारांला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले असते तर चारही सारखे झिजले असते. मी ते एकदाच केलं होतं.

दुसरी चूक हवेची. आमच्याकडचे रस्ते असे की गाडी आपटते, म्हणून कुणीतरी सांगितलं होतं की हवा थोडी कमी ठेवा, गाडी मऊ चालते. दारावरच्या चिठ्ठीत हवेचा दाब ३३ (पीएसआय) लिहिलाय, मी २८ ठेवत आले. भाऊने टायरवर तळहात आडवा ठेवून दाखवलं: मधे अजून थोडी नक्षी, दोन्ही कडा सपाट. हवा कमी असली की टायरचा मधला भाग वर उचलतो आणि सगळं ओझं कडांवर येतं. मधेच जास्त झिजला असता तर हवा जास्त होती असं समजायचं, एकच कड खाल्ली असती तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली. टायर बदलायच्या आधी जुना टायर असा वाचून घ्यायला हवा. नाहीतर नवेही तसेच जातात.

आता नवे कोणते घ्यायचे? मी आठ दिवस रात्री बसून वाचलं. परदेशातले लोक विजेच्या गाडीसाठी 'ऑल-सीझन' टायर घ्या म्हणून आवर्जून सांगतात. नाव ऐकून बरं वाटलं. आपल्यालाही तर बारा महिने एकच टायर चालवायचा आहे. मग त्या नावाचा अर्थ शोधायला लागले आणि कळलं की त्यांचे ऋतू वेगळे आहेत.

तिकडे उन्हाळ्याचा टायर वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, रस्ता धरत नाही. म्हणून हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवतात. ऑल-सीझन म्हणजे या दोघांच्या मधला. दर सहा महिन्यांनी टायर बदलायचा त्रास नको म्हणून केलेली तडजोड. खऱ्या बर्फाची चाचणी पास झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगराचं चित्र आणि आत हिमकण कोरलेला असतो. नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असेल तर तो चिखल आणि बर्फाच्या नक्षीचा असल्याचं कंपनीचं म्हणणं असतं, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही.

आपल्याकडे थंडी पडत नाही असं नाही. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंत उतरला होता आणि त्या आठवड्यात आमच्या शाळेत पोरं उन्हात बसून धडे वाचत होती. पण ती पहाटेची गोष्ट. नऊ वाजता मी निघते तेव्हा रस्ता सातच्या खूप वर असतो. उलट मे महिन्यात? नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ पाहिलेत. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा यांची नावं दर उन्हाळ्यात बातम्यांत असतात. हवा सेहेचाळीस असताना डांबर किती तापत असेल हे अनवाणी चाललेल्या माणसाला विचारा. थंडीसाठी मऊ ठेवलेलं रबर अशा डांबरावर भराभर झिजतं. म्हणजे हिमकणाचा शिक्का असलेला टायर आमच्यासाठी चांगला तर नाहीच, पैसे देऊन आणलेली अडचण आहे.

मग मी वहीत माझे ऋतू लिहिले. पहिला उन्हाळा: ताप आणि वजन. दुसरा पावसाळा: ओला रस्ता, डांबरावर आलेला गारा, खड्ड्यात साचलेलं पाणी. तिसरा काटा. तो ऋतू नाही, पण आमच्याकडे ऋतूसारखाच येतो. दिवाळीनंतर शेतकरी कुंपणाला बाभळी, बोरीच्या फांद्या ओढत नेतात आणि रस्ताभर काटे पडतात. या तिघांत जो टिकेल तो माझा ऑल-सीझन. एका चार्जमध्ये किती चालेल हा प्रश्न मी मुद्दाम चौथा ठेवला. बहुतेक लोक तो पहिला ठेवतात.

टायरच्या अंगावर जे छापलेलं असतं ते वाचायला शिकणं हा या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी भाग. माझ्या गाडीचं माप २१५/६० आर १६. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के, आर म्हणजे रेडियल (टायरच्या बांधणीचा प्रकार), आणि डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक, सोळा इंची. त्याच्यापुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. तिकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि विजेच्या गाडीला तेच महत्त्वाचं. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो, ९९ म्हणजे ७७५ किलो. अक्षर वेगाचं: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. मी आयुष्यात एवढी गाडी पळवणार नाही. पण वेगाची चाचणी ही खरं तर तापाची चाचणी असते; जास्त वेगाचा टायर ताप जास्त सोसतो. काही टायरांवर तापासाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणीही कोरलेली असते, तिथे ए पाहायचं. आयएसआयचा शिक्का तर हवाच, त्याशिवाय आपल्या देशात कारचा टायर विकताच येत नाही.

समृद्धी महामार्ग जवळ आल्यापासून हा ताप जास्त महत्त्वाचा झाला आहे. आमच्या तालुक्यात विरुळला चढलं की थेट नागपूर. रस्ता काँक्रीटचा, सरळ, कारला १२० ची परवानगी. दुपारी दोनला, चार माणसं आणि बाजाराचं सामान घेऊन, हवा कमी असलेल्या टायरवर तासभर तसं चालवलं तर टायर आतून तापून फुटू शकतो. अपघात वाढल्यावर परिवहन खात्याने चढायच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते मला तरी योग्यच वाटलं. माझे १.८ वाले टायर घेऊन मी जुलैत त्या रस्त्याने आईला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुकानं तीन फिरले. पहिल्या दुकानात हे सोबत होते. दुकानदार सगळं यांच्याकडे पाहून सांगत होता. हे म्हणाले, "गाडी यांची आहे, यांना सांगा." मग मी विचारलं, ऑल-सीझन कोणता? तो म्हणाला, "मॅडम, आपल्याइथं सगळेच ऑल सीझन." खरं तर ते बरोबरच होतं. पण पुढे त्याने जो दाखवला तो २०५/६० आर १६, ९२ चा. "बसते, काही होत नाही, चौदाशे रुपयानं स्वस्त पडते एकेक." बसतो, हे खरं. पण ९२ म्हणजे ६३० किलो. कंपनीने जो आकडा दिलाय त्याच्या खाली कधीच उतरायचं नाही, आणि जड गाडीला तर नाहीच.

दुसऱ्या दुकानात उलटा सल्ला मिळाला: २१५/६५ घ्या, गाडी उंच होईल, खड्ड्यांना बरं. मी तिथेच कागदावर मांडलं. टायरची उंची दोन्ही बाजूंनी मिळून साडेएकवीस मिलिमीटर वाढते, म्हणजे गाडी जेमतेम एक सेंटिमीटर उचलली जाणार, आणि चाकाचा घेर सव्वातीन टक्के वाढणार. स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवणार. मोटरला दर फेरीला जास्त ओढावं लागणार, वळताना आतल्या पत्र्याला घासलं तर ते वेगळंच. एका सेंटिमीटरसाठी एवढं कशाला?

विजेच्या गाड्यांसाठी म्हणून खास टायरही आता आपल्याकडे मिळतात. अपोलोने २०२२ मध्ये अँपेरिऑन आणला, सिएटचा एनर्जीड्राइव्ह आहे. (बुटीबोरीला सिएटचा कारखाना आहे म्हणून मला वाटलं तिथून लवकर मिळेल, पण तिथे दुचाकीचे टायर होतात.) खास टायर कमी ताकदीत फिरतात, वजन पेलतात आणि आवाज कमी करतात. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे टायरची घरघर कानात बसते, हे मलाही माहीत आहे. शहरात राहत असते तर मी तोच घेतला असता. पण मी तिन्ही दुकानांत एकच प्रश्न विचारला: समजा दगडाने याची बाजू फाटली, तर असाच दुसरा मला कधी मिळेल? खास टायरसाठी उत्तर आलं, नागपूरहून चार-पाच दिवस. पाच दिवस माझी शाळा कोण चालवणार? साध्या टूरिंग (रोजच्या रस्त्याच्या प्रवासाच्या) नक्षीचा, ९९ व्ही चा, जाड बाजूचा टायर मात्र वर्ध्यात दोन दुकानांत ठेवलेला असतो. तेच ठरवलं. नक्षीत चार सरळ खोल खाचा आहेत, पाणी बाहेर फेकायला त्याच लागतात.

गाऱ्यासाठी मात्र कोणताच रस्त्याचा टायर कामाचा नाही, हे आधी मान्य करून टाकलं. आपली काळी माती भिजली की फुगते आणि गोंदासारखी चिकटते. एक फेरी मारली की खाचा भरतात आणि कितीही महाग टायर असो, तो गुळगुळीत गोळा होतो. शेतावर जाणाऱ्या जीपला असतात तसले मोठ्या गोट्यांचे टायर लावले तर चिखलात जाईल, पण रोजच्या अठ्ठेचाळीस किलोमीटरला आवाज आणि वीज दोन्ही भरपूर जाणार. म्हणून ठरवलं की पावसाळ्यात गाडी डांबर संपतं तिथे, पाण्याच्या टाकीपाशी ठेवायची आणि शेवटचं अर्धा किलोमीटर चालत जायचं. पोरं समोरून न्यायला येतात.

दोनच टायर घ्यावे की चार, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मागचे ४.२ वर होते, म्हणजे अजून दीड वर्ष चालले असते. दोनच घेतले तर नवे मागे लावायचे असतात, पुढे नाही. दुकानदाराला हे पटत नव्हतं, पण ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर पाय काढून सावरता येतं, मागचं घसरलं तर गाडी फिरते. तेवढ्यात मामाजींनी प्रश्न सोडवला. सासरे माझे, आयुष्यभर गवळाऊ बैल आणि बंडी सांभाळलेला माणूस. अंगणात उकिडवं बसून त्यांनी मागच्या उजव्या टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, हे पाह्य. इथं फोड आला." बाजूवर लिंबाएवढा फुगा होता. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर ढकलते. असा टायर दुरुस्त होत नाही, कधीही फुटतो. मी रोज त्या गाडीभोवती फिरत होते आणि मला तो दिसला नव्हता. राहिला एकच धड. मग चारही घ्यायचे ठरलं आणि तो एक धड टायर स्टेपनीला ठेवायचा.

माझ्या गाडीला स्टेपनी नव्हतीच. कंपनीने पंक्चर भरायची बाटली आणि छोटा पंप दिला होता. काट्याला ती बाटली चालते, बाजू फाटल्यावर तिचा काहीच उपयोग नाही. आमच्या रस्त्यावर रात्री साडेसातनंतर कुणी भेटत नाही. म्हणून वेगळी लोखंडी डिस्क घेतली. घेताना बोल्टांची जागा जुळते का आणि आतल्या ब्रेकला घासत नाही ना, हे चाक लावून, हाताने फिरवून पाहायचं. डिक्कीची अर्धी जागा गेली. आठवड्याचा बाजार आता मागच्या सीटवर येतो.

खरेदी सप्टेंबरच्या शेवटी केली, त्याला कारण होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. चार टायरच्या बिलात हा फरक साडेतीन हजारांच्या आसपास पडला. पंक्चरवाल्या भाऊने सांगितल्यावर मी महिनाभर थांबले. तोपर्यंत पाऊस असला की मोटरसायकलवर यांच्यामागे बसून शाळेत जायचे.

ठरलेल्या दिवशी दुकानात पोचले आणि टायर बसवायच्या आधी एक गोष्ट केली. प्रत्येकाच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिघांवर २६२५ होतं, म्हणजे २०२५ चा सव्विसावा आठवडा. चौथ्यावर ०८२३. अडीच वर्षं गोदामात पडलेला. रबर न वापरताही म्हातारं होतं. मी तो परत दिला. दुकानदार कुरकुरला, मग म्हणाला परवा नागपूरहून येते. मी परवा परत गेले. साठ किलोमीटर जास्त पडले, पण त्याचं मला काही वाटत नाही.

आणि मग तो जॅक. हे मी सगळ्या विजेच्या गाडीवाल्यांसाठी लिहिते आहे. दुकानातला पोरगा चांगला चपळ होता. त्याने चाकं असलेला मोठा जॅक लोळवत आणला आणि सरळ गाडीच्या पोटाखाली, मधोमध सारला. इतर गाड्यांना तो तसाच लावत असणार. मी ओरडलेच. तिथे लोखंडी चेसिस नसते, तिथे बॅटरीचा डबा असतो! सतराशे किलोची गाडी त्या डब्यावर उचलली गेली असती तर डबा चेपला असता, आतल्या सेलना मार बसला असता, आणि बॅटरीची किंमत टायरच्या किमतीच्या कितीतरी पट. मी गाडीसोबतची पुस्तिका उघडून चित्र दाखवलं: पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, खालच्या पट्टीवर दोन-दोन खुणा. त्या चार जागा सोडून कुठेही जॅक लावायचा नाही. पोरगा वाकून, मोबाइलचा उजेड टाकून खुणा पाहत राहिला. मग स्वतःच आत जाऊन जुन्या टायरचा जाड तुकडा कापून आणला, जॅकच्या तोंडावर ठेवला आणि हळू उचललं. "मॅडम, कोणी सांगतच नाई आमाले," तो म्हणाला. त्याने त्या पानाचा फोटो काढून घेतला. महिन्याभराने मी हवा तपासायला गेले तेव्हा तोच रबराचा तुकडा जॅकला तारेने बांधलेला दिसला.

नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं त्याच वेळी केलं. नट आडवे-तिडवे आवळून शेवटी पान्याने हाताने घट्ट करायला लावले. नायट्रोजन भरू का, असं विचारलं, नको म्हटलं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि आमच्या गावात पुढच्या वेळी भरायला तो मिळणार नाही.

पहिल्या आठवड्यात मन खट्टू झालं. आधी एका युनिटला ७.१ किलोमीटर मिळत होते, ते ६.६ झाले. चार्ज तोच, रस्ता तोच. वाटलं, आपण चुकलो, खास टायरच घ्यायला हवा होता. मग एक गोष्ट ध्यानात आली. घरापासून शाळा जुन्या टायरवर २४.४ दाखवायची, नव्यावर २४.० दाखवते. रस्ता तर आखडला नाही! झिजलेल्या टायरचा घेर लहान होतो, तेवढ्याच अंतरात तो जास्त फेऱ्या मारतो आणि गाडी फेऱ्या मोजून किलोमीटर सांगते. माझ्या मापाच्या टायरची त्रिज्या ३३२ मिलिमीटर, त्यातले साडेपाच गेले की दीड-पावणेदोन टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे जुने ७.१ मुळात ७.० च होते. उरलेला फरक खरा आहे. नव्या टायरवर रबराचा जाड थर असतो, तो दर फेरीला दबतो आणि उसळतो, त्यात वीज जाते. झिजलेला टायर हलका फिरतो. आपण जुन्या संपलेल्या टायरशी नव्याची तुलना करतो आणि नव्याला दोष देतो. तीन हजार किलोमीटर झाल्यावर आकडा ६.८ वर आला आणि तिथेच आहे. पूर्ण चार्जमागे सात-आठ किलोमीटर गेले असतील. नाल्यापाशी हातभर सरकण्यापुढे ते काहीच नाहीत.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तेव्हा त्याच नाल्यापाशी, रस्ता रिकामा पाहून, मी मुद्दाम थांबून निघाले. पिवळं चिन्ह लागलं नाही. डिसेंबरात परतवाड्यावरून चिखलदऱ्याला गेलो. घाटात सकाळचं धुकं होतं, रस्ता ओला, वळणं अंगावर येणारी. उतरताना मोटरनेच गाडी धरली, ब्रेकला पाय क्वचित लागला. चढताना खर्चलेल्या विजेतली थोडी परत आली. थंडीने हात गारठले होते पण टायरांनी कुठे पकड सोडली नाही, आणि त्यांच्यावर डोंगराचं चित्र नाही.

काटे दोनदा घुसले. दोन्ही वेळा भाऊने चिमट्याने काढले. एक इंचभर लांब, दुधी रंगाचा, बाभळीचा. टायरमध्ये हवा धरून बसलेला, काढल्यावर सूंऽ करत हवा निघाली. मधल्या नक्षीत होता म्हणून भागलं. बाजूला असता तर टायर गेला असता. संध्याकाळी गाडी लावली की चारही चाकांवर टॉर्च मारून पाहायची सवय मामाजींनी लावली आहे. बैलाचे खूर पाहतात तसं ते पाहतात.

उन्हाळा अजून यायचा आहे आणि त्याची तयारी हवेपासून आहे. हवा पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना मोजायची, ३३. दुपारी उन्हात मोजली तर तीच ३८ भरते. मागच्या मे महिन्यात एका पंपावर मुलाने "जास्त झाली" म्हणून ती सोडून दिली होती आणि दुसऱ्या सकाळी टायर बसके होते. गरम टायरची हवा सोडायची नाही. अडीचशे रुपयांचं मोजयंत्र आणि तेवढ्याच किमतीची खोली मोजायची पट्टी आता गाडीत असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला मोजून हजेरीपटासारखं वहीत लिहिते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुढचे मागे करायचे आहेत. या महिन्याची नोंद: पुढचा डावा ६.९, पुढचा उजवा ७.०, मागचे दोन्ही ७.३.